सरांच्या पायाशी ठेवलेला कॅमेरा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, तर आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांचे. आईवडिलांच्या आधी मी त्यांचं नाव घेतो, आणि आईवडिलांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. दहावीनंतर वडील मला आपल्याबरोबर खडी फोडायला नेणार होते. सर घरी आले, उंबऱ्यावरच बसले आणि म्हणाले, "पोरगं मला द्या. शिकून वाया गेलं तर परत घ्या." आमच्या घरात पहिला पदवीधर मी झालो, तो त्या बोलण्यामुळं.

कबड्डीत मी कच्चा होतो. सरांनी मला संघात घेतलं नाही, पण मैदानातून हाकललंही नाही. मध्यरेषेच्या टोकाशी बसवलं आणि सांगितलं, "रेषेला कोण लागलं, कोण नाही, एवढंच बघ. आरडाओरड्याकडं कान देऊ नको." आज मुंबईत खेळांचे फोटो काढून माझं घर चालतं. बघायला मी तिथं शिकलो.

चारकोपच्या एका मंडळानं मुलींची कबड्डी स्पर्धा ठेवली होती. पंच म्हणून सरांना बोलवा, असं मीच अध्यक्षांना सुचवलं. सर निवृत्त झाले होते, पण पंचगिरी सोडली नव्हती. आमच्या भागात त्यांच्या शिट्टीवर कुणी शंका घेतलेली मी ऐकली नाही. ते कांजूरमार्गला माझ्याकडंच उतरले; आईवडीलही आता तिथंच असतात.

अंतिम सामन्याच्या दुपारी मी कॅमेरे लावत होतो. एक हॅलोजनच्या खांबावर बांधला. दुसरा मध्यरेषेच्या टोकाला, मॅटला लागून, जमिनीशी ठेवला. सर तिथंच उभे राहणार होते.

"इतके कशाला रं?" सरांनी विचारलं.

"तिसरा माझ्या हातात असणार, सर. त्याचं बटण दाबलं की हे दोन्हीही आपोआप फोटो काढतात. क्षण एक, फोटो तीन."

"म्हंजे साखळीच की. एकानं हात धरला की बाकीच्यांनी ओढायचं."

त्यांच्या पायाशी ठेवलेल्या कॅमेऱ्याचं मात्र काही खरं नव्हतं. माझ्या हातातून निघालेला इशारा पकडणारी छोटी डबी त्याच्यावर बसवली होती. तिचा हिरवा दिवा लागायचा, विझायचा. सेल बदलले तरी तेच. शेवटी तो तसाच सोडला.

सामना चारकोप आणि घाटकोपरच्या मुलींचा होता. शेवटच्या चढाईला गुण सारखे होते. घाटकोपरची मुलगी चारकोपच्या एकीला शिवून वळली. मागून कुणीतरी तिचा घोटा धरला. ती पालथी पडली आणि दम न सोडता तिनं मध्यरेषेकडं हात लांबवला. बोट रेषेला लागलं तर कप घाटकोपरचा, नाही लागलं तर चारकोपचा. मी तिच्या समोर, घाटकोपरच्या बाजूच्या शेवटच्या रेषेबाहेर गुडघ्यावर होतो. बटण दाबलं.

सरांनी शिट्टी मारली. मुलगी बाद.

घाटकोपरची माणसं मॅटवर आली. एक जण सरांच्या तोंडासमोर बोट नाचवत म्हणाला, "लागलं होतं ना बोट. घरच्या टीमला जिंकवायला मास्तर आणलाय काय गावाहून?"

सरांचा हात चारकोपच्याच बाजूला होता. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो उघडून पाहिला. बोट रेषेवर होतं. मोठा करून पाहिला, तरी रेषेवरच. सरांची नजर चुकू शकते हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पडदा बंद करायच्या आत माझ्या खांद्यावरून कुणीतरी डोकावलं. "अरे, हे बघा. लागलंय." गळ्यातल्या पट्ट्यासकट मला ओढत लोकांनी सरांसमोर उभं केलं.

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "मोठं कर," म्हणाले. मी केलं. त्यांनी पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग हात वर करून घाटकोपरच्या बाजूला दाखवला. "माझी नजर चुकली," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. घाटकोपरवाले नाचायला लागले. चारकोपच्या बाजूनं आवाज आला, "अध्यक्ष, कुठून शोधून आणला हो हा पंच? मास्तर, आधी चष्मा बदला." लोक हसले.

त्या गर्दीत खालचा कॅमेरा लाथेनं उलटा पडला होता. सरांनीच तो उचलला, रुमालानं पुसला आणि माझ्या हातात दिला. "हा घे. लागलंय त्याला."

घरी जेवताना मी म्हणालो, "सर, तुम्ही फोटो बघायलाच नको होता."

"तू काढलेला फोटो खोटं कशाला बोलंल?" एवढंच बोलून त्यांनी भात कालवला. जेवण झाल्यावर गळ्यातली शिट्टी काढून दाराजवळच्या खिळ्याला अडकवली.

सकाळी मी त्यांना गावच्या एसटीत बसवलं. खिडकीखालून म्हणालो, "शिट्टी खिळ्यालाच राहिली, सर."

"राहू दे तिथंच. आता काय करायचीय."

घरी येऊन तो लाथ लागलेला कॅमेरा उघडला, मोडलाय का ते बघायला. त्याच्यात तो क्षण असेल असं वाटलंच नव्हतं. पण फोटो होता. समोर लांबवर गेलेली मध्यरेषा, त्या मुलीचं बोट, आणि बोट व रेषा यांच्यामध्ये उजेड. तांदळाचा दाणा आडवा ठेवता येईल एवढी फट. समोरून पाहिलं तर हवेतलं बोट रेषेवर टेकलेलं दिसत होतं. खांबावरच्या फोटोतही तसंच. मधली हवा फक्त रेषेच्या टोकावरून दिसत होती. कडेला सरांच्या कॅनव्हासच्या बुटाचं टोकही आलं होतं.

मी जमिनीवरच बसलो. त्यांना फट दिसली होती. दिसलेलं सोडून त्यांनी माझ्या फोटोवर विश्वास ठेवला, तो मी काढला होता म्हणून. मग तिन्ही फोटो मोठे छापून घेतले, अध्यक्षांना नेऊन दाखवले, आणि सरांकडं स्मार्टफोन नाही म्हणून पोस्टानं पाठवले. सोबत हे पत्र.

ती. सरांस,
सा. न.
सोबत तीन फोटो आहेत. तिन्ही एकाच बटणाचे, एकाच क्षणाचे. पहिला मैदानात सगळ्यांनी पाहिला तो, दुसरा खांबावरचा. तिसरा तुमच्या पायाशी होता त्या कॅमेऱ्यातला. तो उजेडात धरून बघा. बोट लागलं नव्हतं.
अध्यक्षांनी तो दोनदा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग म्हणाले, कप आता परत मागता येणार नाही, पण हा फोटो मंडळाच्या फळ्यावर लावतो. माझ्यासमोर लावला. खाली तुमचं नाव लिहिलंय आणि निकाल लिहिलाय, तुम्ही आधी दिलेला तोच: बाद. घाटकोपरच्या मंडळालाही मी एक प्रत देऊन आलो. त्या मुलीनं तो पाहिला. ती म्हणाली, मला माहीत होतं, पण मला कुणी विचारलंच नाही.
सर, मीही तुम्हाला विचारलं नाही की तुम्हाला काय दिसलं.
आई, बाबा तुमची आठवण काढतात. शिट्टी खिळ्यालाच आहे. पोस्टानं पाठवणार नाही. न्यायला या.