पडदा जप्त, पत्र फरार

नोकरीत मी हातभट्टीची पिंपं जप्त केली, तलवारी जप्त केल्या, एकदा तर चोरीची बैलजोडी आठवडाभर ठाण्याच्या आवारात बांधून ठेवली. पण जी जप्ती आठवून आजही मला एकट्यालाच हसू फुटतं, ती एका संगणकाच्या पडद्याची.

इंटरनेट नुकतंच आर्वीकडे पोचलं होतं आणि मी तिकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. ठाण्यालाही एक संगणक मिळाला होता. त्याच्या खोलीत चपला काढून जायचं, असा नियम मीच केला होता. दर गुरुवारी हवालदार त्याला उदबत्ती ओवाळायचे. चालू मात्र कोणी करत नसे.

एका सकाळी जवळच्या रोहणा गावचे एक कापड दुकानदार अर्ज घेऊन आले. मागे त्यांची पत्नी आणि कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी. मुलीचं लग्न पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाशी ठरलं होतं. आदल्या दिवशी मुलाच्या वडिलांचा फोन आला की, तुमच्या मुलीनं ई-मेल पाठवून कळवलंय, ‘माझी परीक्षा आधी, लग्न पुढच्या वर्षी. पटत नसेल तर आताच सांगा.’

“पोरगी म्हणते म्या नाई लिहिलं,” दुकानदार टेबलावर हात आपटून म्हणाले. “मंग लिहिलं कोणं? सोयरीक मोडाले आली न साहेब! मले तो माणूस पाह्यजे. अन् काही असो, उद्यापासून हिचं कॉलेज बंद.”

मुलगी हमसून रडायला लागली. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प उभी होती. पोलिसानं गप्प माणसाकडे आधी बघावं, हे मी नव्या शिपायांना शिकवत असे. त्या दिवशी मीच विसरलो.

मुलगी ई-मेल करायला तालुक्याच्या एकाच सायबर कॅफेत जात असे, म्हणून संशय गेला कॅफेवाल्यावर. खबऱ्यानं बातमीही पक्की आणली. कॅफेवाला गिऱ्हाइकांचे पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो म्हणे. मला वाटलं, चोर सापडला. त्याला ठाण्यात बसवून तासभर फैलावर घेतलं.

“साहेब, लोकं विसरतेत न,” तो काकुळतीला येऊन म्हणाला. “मंग माह्यावरच ओरडतेत. म्हून लिहून ठेवतो. पन मी कोणाची चिठ्ठी काऊन उघडू? मले गिऱ्हाईक टिकवाचं हाय.”

माझं समाधान झालं नाही. पुरावा हाती असावा म्हणून मी हवालदारांना कॅफेत पाठवलं. त्यांनी दोन पंच बोलावले, पंचनामा केला आणि ज्याच्यासमोर मुलगी बसली होती तो संगणक पोत्यात गुंडाळून आणला. गुन्हा दाखल होण्याआधीच ही जप्ती करायला नको होती, हे आज कबूल करतो. कॅफेवाल्यानं पोतं उघडून पाहिलं आणि एवढ्या घाबरलेल्या अवस्थेतही त्याला हसू आवरेना.

“साहेब, तुमी पडदाच आनला! डोकं त तिथंच राह्यलं, खालच्या डब्यात. अन् चिठ्ठी त त्या डब्यातही नाई. ते दूर कोण्या कंपनीच्या संगनकात राह्यते. आपन इथून फक्त तिथवर जातो. पासवर्ड म्हंजे तिथल्या दाराची चावी.”

हवालदार जमिनीकडे बघायला लागले. मीही. आम्ही गाडीत पडदा घालून कॅफेत गेलो, तर टेबलाखालचा डबा खरोखरच घरघरत होता. पडदा नसतानाही काम चालूच! तिथेच माझी ट्यूब पेटली. मी त्या कुटुंबाला बोलावून घेतलं आणि पडदा जागेवर जोडायला लावला.

“बाई, ते पत्र गेलं त्या दिवशी तू तुझी पत्रपेटी बंद कशी केलीस?” मी मुलीला विचारलं.

“बटन दाबून,” ती म्हणाली आणि तिनं पडद्याचं बटण दाबलं. आपण टीव्ही बंद करतो तसं.

“म्हंजे दार उघडंच राह्यलं,” कॅफेवाल्यानं कपाळावर हात मारला.

“मग तू कुठे गेलीस?”

“नोट्सच्या झेरॉक्स आनाले. पन जागेवर आई बसली होती न! बाबा मले एकटीले येऊच देत नाई. आई राखन कराले राह्यते.”

आम्ही सगळे आईकडे वळलो. तिनं पदर सावरला आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली, “म्याच लिहिलं साहेब. हिनंच शिकवलं मले, एका बोटानं. पडदा लावला त त्या पोराची चिठ्ठी दिसली. ‘परीक्षेच्या महिन्यात मुहूर्त धरला तर चालेल का?’ असं पुसलं होतं. ही ते वाचून रडत गेलती. म्हून म्या उत्तर देलं.”

“तुले घरी सांगाले काय झालं होतं?” दुकानदार ओरडले.

“वीस वर्षं घरीच सांगून राह्यली,” ती म्हणाली. “तिथं कोणी आयकलं नाई. इथं चार ओळी लिहिल्या, त ठान्यापर्यंत आयकू गेलं.”

मला टाळी वाजवावीशी वाटली, पण अंगावर वर्दी होती.

मुलाचं उत्तर आलंय का, हे भीतीपोटी कोणी बघितलंच नव्हतं. मुलीनं पत्रपेटी उघडली. उत्तर आलेलं होतं: ‘परीक्षा आधी. वडिलांची समजूत मी घालतो. पण हे तुमचंच म्हणणं आहे ना?’

मुलीनं आधी आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे. दुकानदार पुटपुटले, “लिही. जे खरं असन ते लिही.”

तिनं लिहिलं, ‘हो. लिहिलं आईनं, पण म्हणणं माझंच.’

अर्ज निकाली काढला. कॅफेवाल्याला पडदा पावती घेऊन परत केला आणि ती पासवर्डांची वही माझ्यासमोर फाडायला लावली. ठाण्यातल्या संगणकाची उदबत्तीही त्याच आठवड्यात बंद झाली आणि आम्ही तो शिकायला लागलो. या प्रकरणानं मला एक शिकवलं. पुरावा समोर दिसतो तिथे असतोच असं नाही, आणि राखण करायला बसवलेल्या माणसालाही स्वतःचं काही म्हणायचं असतं. ते कोणी तरी आधीच विचारलं असतं, तर माझ्या ठाण्याची पायरी कोणाला चढावी लागली नसती.

कॅफेतून निघताना मुलीचा हात सवयीनं पडद्याच्या बटणाकडे गेला. आईनं तो धरला.

“थांब,” ती म्हणाली. “आधी पेटीतून बाहेर पड, मंग बटन दाब. नाई त मी पुन्हा लिहून टाकीन.”

सगळ्यात मोठ्यानं हसले ते दुकानदार.