सॅल्व्हेजचे दोन अर्थ

इलोइलो बंदराचा खलाशी तेओदुलो माग्बानुआ यास जहाजावर अधिकारी व्हायचे होते. मुलाखतीत अवघड इंग्रजी शब्द येत, म्हणून त्याची बायको फेली सुकी मासळी तळता तळता पुस्तकातले शब्द विचारी आणि तो अर्थ सांगे.

"सॅल्व्हेज?"

"बुडतं जहाज वाचवणं."

"काहीतरीच! आपल्याकडे सॅल्व्हेज म्हणजे माणसाला गुपचूप मारून फेकणं. शेंबडं पोरही सांगेल."

"पुस्तकात असंच आहे, इंदाय," तो लाडाच्या हाकेने म्हणाला.

"मग पुस्तकाला म्हणावं, माझ्या दिराला विचारून ये!"

तेओदुलोच्या थोरल्या भावाला लष्करी कायद्याच्या काळात सैनिकांनी घरातून नेले होते. पुढे प्रेत उसाच्या शेतात सापडले, तेव्हा सारे गाव हाच एक शब्द बोलले होते. तेओदुलोने पुस्तकातला अर्थ पुन्हा घोकला.

मुलाखत घेणारा कप्तान नॉर्वेचा होता. त्याने विचारले, "वाटेत एखादं जहाज बुडताना दिसलं, तर सॅल्व्हेज कराल ना?"

केवळ 'हो' म्हणायचे होते, परंतु तेओदुलोची जीभ उचलेना.

"शब्दाचा अर्थ ठाऊक नाही?" कप्तानाने लेखणी उचलली.

"ठाऊक आहे, साहेब. जहाज मी जरूर वाचवीन. पण या शब्दाला हो म्हणवत नाही. सैनिकांनी माझ्या भावाला मारून उसात फेकलं, त्यालाही आमच्या गावात सॅल्व्हेजच म्हणतात."

कप्तानाने लेखणी खाली ठेवली. "बरं. जहाज वाचवाल?"

"हो, साहेब."

नेमणूक झाल्याचे कळताच फेलीने विचारले, "मग, अर्थ कुठला सांगितलास? पुस्तकातला की आपला?"

"दोन्ही," तेओदुलो म्हणाला आणि जेवायला बसला.