टिकटिकीपुढे धावलेला पखवाज

चंदू घाडी दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतो, पण असल्फ्यात त्याची ओळख पखवाजावरून. बाप गिरणीतून सुटला की भजनाला बसायचा. त्याच्या मांडीला मांडी लावूनच चंदूचा हात तयार झाला. मालवणी भजनात गजर आला की लय चढते, टाळ्या चढतात आणि पखवाज सगळ्यांना ओढत नेतो. चंदूची त्यात तीस वर्षं गेली.

त्याची पुतणी जान्हवी लॅपटॉपवर संगीत करते. मुलुंडच्या कार्यक्रमाला तिने काकालाच बसवायचं ठरवलं. खाली यंत्राचा घुमारा, वर पखवाज. अट एकच, कानातल्या इयरफोनमधली, लय बांधून ठेवणारी टिकटिक सोडायची नाही.

तालमीत चंदू तीनदा पुढे पळाला.

"अगो, ह्यां तुझां घड्याळ म्हाताऱ्या रेड्यासारख्यां चलतां!"

"ते बरोबर चालतंय, काका. तूच सुटतोस!"

कीबोर्डवाला सुयोग वैतागला. "जान्हवी, यार, काकांचा हात रेकॉर्ड करू. स्टेजवर लॅपटॉपच वाजवेल. काका बसतील समोर, खुर्चीत."

चंदूने पखवाज जवळ ओढला. "एक चान्स दे ना रे. चुकलो तर मीच जाऊन बसतो खुर्चीत."

कार्यक्रमाला बायको मंजुळा अख्खं भजन मंडळ घेऊन आली. चंदूने पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक थापली, कानात टिकटिक घातली आणि दात आवळले. पहिला भाग झकास गेला. मग गजर लागला आणि मंडळाने सवयीने टाळ्या धरल्या. टाळ्या चढल्या, तसा चंदूचा हातही सुटला. कानात एक लय, हातात दुसरीच!

"वाट लागली," तो पुटपुटला.

सुयोगने जान्हवीला खूण केली, लाव तालमीत घेतलेलं रेकॉर्डिंग.

तिने लावलं नाही. पखवाजाच्या ठोक्यासरशी ती लॅपटॉपच्या लय ठरवणाऱ्या बटणावर बोट आपटू लागली. टप, टप, टप, टप. टिकटिकीने पाय उचलला, पाठोपाठ घुमाऱ्यानेही. यंत्रच चंदूच्या मागे धावायला लागलं!

चंदूने इयरफोन उपटून काढला. मंजुळा उभी राहून ओरडली, "मेल्या, आता सोडू नको!" सुयोग हसत सुटला, चुकतमाकत त्याचीही बोटं पळू लागली.

पडद्यामागे घामाघूम चंदूला सुयोगनेच मिठी मारली. "काका, पुढचा शो बोरिवलीला. लय किती ठेवायची सांगा, आधीच सेट करून ठेवतो."

"माका कित्याक इचारतंस?" कणकेचे हात पुसत चंदू म्हणाला. "थयची माणसां टाळये कशे मारतत, ता बघूया."