खांबांच्या टोप्या
गल्लीत सगळे त्याला टोपीवाला म्हणत. पाणी मुरू नये म्हणून फाटकाच्या खांबावर सिमेंटची टोपी बसवतात ना, चौकोनी बुडाची, निमुळती होत टोकाला जाणारी, त्या टोप्या तो करायचा. नवा माणूस भेटला की स्वतःच सांगायचा, "जन्मभर लोकांना टोप्या घालतोय, पण अजून एकानेही तक्रार केली नाही." हे ऐकून ऐकून बायकोचे कान किटले होते.

काम घरामागच्या शेडमध्ये. पत्र्याचा साचा टोक खाली करून लाकडी चौकटीत अडकवायचा, आतून तेल फिरवायचं. आधी टोकात पातळ सिमेंट ओतून तारेने ढवळायचं, नाहीतर हवा अडकून टोक बोथट निघतं. मग माल भरायचा, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळं वजन पोटाशी धरून पालथं करायचं. या पालथं करण्यानेच त्याच्या कमरेची वाट लावली होती. बोटांना कायम भेगा. त्यात नजरेला खोड लागलेली: फळवाल्याने रचलेली संत्री, घड्याळाच्या मनोऱ्याचं छप्पर, मैदानातला तंबू, जिथे तिथे आधी टोक बघायचा. बायको म्हणायची, "अहो, खाली बघून चाला, ठेच लागेल."

एका सकाळी साचा उचलताना कमरेत अशी कळ गेली की तो तिथेच गुडघ्यांवर बसला. बायको पिठाच्या हातांनीच धावत आली. धरून धरून तिने त्याला खाटेवर आणलं.

"शनिवारी कंत्राटदार येणार," तो कण्हत म्हणाला. "नव्या घरांची फाटकं अडलीत."

"मी करते."

"तुला जमायचं नाही."

"इतकी वर्षं काय डोळे मिटून चहा आणून देत होते?"

खाटेवरून शेड दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. घमेलं आपटलं, थापी वाजली. तारेची खसखस मात्र नाही.

"तार फिरव गं!"

"फिरवली!"

फिरवली नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. स्वयंपाक, पाणी, धुणं, वर हे. एकटीचे दोन हात पुरणार किती ठिकाणी?

शनिवारी भिंत धरत तो शेडमध्ये गेला. टोप्या ओळीने मांडल्या होत्या. एकूणएक टोक बोथट, अंगठ्याने दाबल्यासारखं.

"हे पुन्हा करावं लागेल."

ती सिमेंटच्या गोणीवर बसली होती. "करा," म्हणाली. मग कमरेवर हात दाबत, "मलाही कंबर आहे हो."

त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. चार दिवसांतच भेगा पडल्या होत्या.

कंत्राटदार आला, माल टेम्पोत चढवू लागला. याला राहवेना. "टोकं जरा बोथट झालीत."

"कुठं?" कंत्राटदाराने वाकून बघितलं. "जाऊ द्या काका, एवढं वर कोण बघतंय? पुढचा माल कधी देताय?"

टेम्पो गेला. सुटलो, असं वाटायला हवं होतं. पण त्याला वाटलं ते वेगळंच. जेवताना घास तसाच हातात धरून तो म्हणाला, "एवढं वर कोण बघतंय म्हणे."

"तुम्ही बघत होता की," ती म्हणाली. "खा आता."

मोठे साचे त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकले. आता फक्त लहान टोप्या, त्याही दोघांनी दोन बाजूंनी धरून पालथ्या करायच्या. ती "हं" म्हणाली की उचलायचं. दुपारी शेडला कडी लागते आणि दोघंही आडवी होतात. दारावर कुणी हाक मारली, तरी लगेच कुणी उठत नाही.