चेसिस, छत आणि आक्काची पाण्याची बाटली

आक्का प्रवासाला निघायची असली की आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करते. आमच्या परभणीकडच्या, आमच्या वयाच्या कितीतरी बायका हेच करतात. कुणी कुणाला शिकवलेलं नाही. आईला पाहून आक्का शिकली, आक्काला पाहून मी. वाटेत जायला जागा नसते, म्हणून प्यायचंच नाही.

दोन वर्षांपूर्वी आक्काचं खुब्याचं हाड मोडलं. वॉकर आला, एसटीच्या पायऱ्या संपल्या, उकिडवं बसणं संपलं. तेव्हापासून ती दवाखान्याखेरीज कुठे गेलेली नव्हती. मागायची एकच गोष्ट: चारठाणा. आमचे वडील, दादा, तिथल्या शाळेत मास्तर होते. देवळांच्या दगडांवर आम्ही दोघी लहानाच्या मोठ्या झालो. मग मला नांदेडला कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलवर पाठवलं आणि आक्का घर सांभाळायला मागे राहिली.

म्हणून मी मोटारहोम घ्यायचं ठरवलं. चाकांवरचं छोटं घर. त्यात आक्काला जाता येईल असा संडास हवा, बाकी काही नसलं तरी चालेल. पेट्रोलचंच हवं होतं, कारण डिझेलची थरथर तिच्या खुब्याला सोसत नाही. मिनीबसच्या चेसिसवरची मॉडेल्स त्यामुळे आधीच बाद झाली, ती सगळी डिझेलची निघाली. उरली दोन. एक छोट्या मालवाहू ट्रकच्या चेसिसवर बांधलेलं, दुसरं साध्या व्हॅनवर. घेण्याआधी एकेक दिवस चालवून बघायची सोय होती. भाडं आणि पेट्रोल आपलं, सोबत विकणाऱ्या कंपनीचा माणूस. तुम्हीही घेणार असाल तर हा खर्च कराच. उभ्या गाडीत सगळंच छान दिसतं.

पहिला दिवस: ट्रकच्या चेसिसवर

विक्रीचे महेशराव सकाळी गाडी घेऊन दारात आले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट. मला पाहून माझ्या मागे पाहिलं.

"साहेब येतायत ना?"

"साहेब वारले. गाडी मी चालवणार आहे."

"अरेरे. नाही, म्हणजे चेसिसचं जरा टेक्निकल असतं. एखादा भाचा, पुतण्या?"

हॉस्टेलच्या सिस्टर खोली तपासताना आधी पलंगाखाली बघायच्या. मीही पदर खोचून गाडीखाली वाकले. ट्रकची चेसिस म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, मागे स्प्रिंगचे जाड पाटे, त्यावर वेगळं बांधून बसवलेलं घर. ताकद आहे, पाण्याची टाकी मोठी बसते आणि आत ताठ उभं राहता येतं. पण गाडीची आतली जमीन उंच. तीन पायऱ्या. आक्काला आम्ही दोघांनी धरून चढवलं.

आत सोफा, टीव्ही, छतात निळे दिवे, फ्रीज. फ्रीजमध्ये महेशरावांनी पाण्याच्या बाटल्या गार करून ठेवल्या होत्या.

"घ्या ना मावशी, पाणी."

"नको. मी आता उतरल्यावरच पिती," आक्का म्हणाली.

जिंतूर रस्ता बराचसा चांगला आहे, पण मधे जिथे काम चालू आहे तिथे पाट्यांवरचं ते घर असं डोलायला लागलं की कपाटातली भांडी बोलू लागली. मालाखाली दबलेला ट्रक बरा चालतो. टीव्ही-सोफ्याचं ओझं वर आणि खाली कडक पाटे, म्हणजे खड्डा थेट माणसाच्या हाडात. मागून आक्काचा आवाज आला, "बेबी, हळू घे. आन् थांब जरा. मला जायचंय."

गाडी बाजूला घेतली. मागे गेले तर संडास पलंगाच्या पलीकडे. गाडीच्या रुंदीभर पलंग, आणि दार त्याच्या मागच्या भिंतीत. पलंगावर चढून, रांगत पलीकडे जायचं.

"हे असं का?"

"मॅडम, संडास किचनशेजारी आणि देवघराजवळ नको म्हणतात लोक," महेशराव म्हणाले. "म्हणून एकदम मागे टाकलाय."

सोफ्याच्या वर खरंच छोटं देवघर होतं, घुमटासकट. आमच्या घरी बुद्धांची तसबीर पुस्तकांच्या फळीवर असते. तिच्यासाठी कधी कुणाला पलंग ओलांडावा लागलेला नाही.

"पलंग ओलांडून कोण जाणार?"

"सहसा कुणी जात नाही मॅडम. शोसाठी असतं. लोक हॉटेलातच जातात."

तोंडात आलेला शब्द उच्चारला असता तर कॉन्व्हेंटचं शिक्षण वाया गेलं असतं. जिंतूरच्या अलीकडे एक हॉटेल होतं. बाहेर कारंजं, सेल्फीसाठी बैलगाडी. बायकांच्या संडासाला कुलूप. किल्ली मालकाकडे, मालक बाजारात. पुरुषांकडे उघडं होतं, पण खाली उकिडवं बसायचं. तिथून आम्ही परत फिरलो. घरी पोचेपर्यंत आक्का डोळे मिटून, ओठ आवळून बसली होती. उतरताना तिची साडी ओली होती. सत्तरी गाठलेली, बालवाडीत शेकडो पोरांना वळण लावलेली बाई. महेशरावांनी नजर वळवली आणि मला विचारलं, "मग बुकिंगचं काय ठरवताय?"

"उद्या व्हॅन आणा," मी म्हटलं.

दुसरा दिवस: व्हॅन

आक्का यायला तयार नव्हती. "मला न्हाई यायचं. लोकं बघत्यात." मी वॉकर नेऊन गाडीत ठेवला आणि बाहेर बसून राहिले. तासाभराने ती साडी बदलून आली. पाणी प्यालेली नव्हतीच.

व्हॅनला वेगळी चेसिस नसते, सांगाडा आणि अंग एकच. म्हणून जमीन खाली, एक पायरी, ती आक्का स्वतः चढली. चाल मऊ. टाकी लहान, वजन फार घालता येत नाही आणि छत इतकं ठेंगणं की पहिल्या पाच मिनिटांत माझं कपाळ दोनदा आपटलं. संडास दाराशेजारीच, खुर्चीसारखा उंच. खालची टाकी बॅगेसारखी ओढून रिकामी करायची.

"हे बेसिक मॉडेल आहे मॅडम," महेशराव खेदाने म्हणाले. "देवघराला जागाच उरली नाही, मग संडास पुढे घ्यावा लागला."

चारठाण्याला दुपारी पोचलो. पिंपळाच्या सावलीत गाडी लावली. शेजारी बकऱ्या बसलेल्या, त्यांची मालकीण उठून आत डोकावली.

"घरच घिऊन हिंडायलाव व्हय मावशी?"

"व्हय की. घरात लय भांडणं व्हायलती, म्हून घरच बाहीर काढलं," आक्का म्हणाली.

"मालक कुठं हायत मग?"

"हे काय," आक्काने महेशरावांकडे बोट दाखवलं. "भाड्यानं आणलेत, सांजच्याला परत करायचेत."

बाई तोंडाला पदर लावून हसली. महेशराव गाडीची काच पुसू लागले.

आक्का देवळापर्यंत वॉकरने गेली. एका खांबावर हात फिरवत म्हणाली, "हितं तू पडली व्हतीस. दादांनी मलाच मारलं, तुला का सोडलं म्हून." परत आल्यावर ती माझ्याकडे न बघता गाडीत चढली. संडासाचं दार लागलं. मी आणि महेशराव बाहेर उभे. त्यांनी टाकीच्या क्षमतेबद्दल सांगायला सुरुवात केली, मी त्यांना गप्प राहायला सांगितलं.

दार उघडलं. आक्का सीटवर बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बेबी, पाणी दी गं."

तिने अर्धी बाटली सलग संपवली. येताना जिंतूरला चहा घेतला. ग्लास खाली ठेवून म्हणाली, "अजून एक सांग." इतक्या वर्षांत वाटेत तिने दुसरा चहा मागितलेला मला आठवत नाही.

घरी

व्हॅन बुक केली. टीव्ही काढायला सांगितला, त्या जागी पाण्याचा जास्तीचा कॅन. "रीसेलला अडचण येईल," महेशराव म्हणाले. आली तर येऊ दे.

राग मात्र उतरलेला नाही. निळे दिवे, कारंजं, बैलगाडी, घुमट, सगळ्याला जागा मिळते आणि बाईला बसायला मिळत नाही. आक्काला वाटेत एक घोट पाणी पिता यावं म्हणून गाडी विकत घ्यावी लागली. ज्यांना घेता येत नाही त्या उद्याच्या एसटीत तहानलेल्याच बसतील.

संध्याकाळी कपाळाला हळद लावत मी कुरकुरले, "त्या छताखाली मला जन्मभर वाकून राहावं लागणार."

आक्काने तांब्यातून स्वतःला पाणी ओतून घेतलं.

"वाक की मग," ती म्हणाली. "मी लय वर्षं वाकले."