मावशींच्या उखळाचा आवाज

मायक्रोफोन पुढे धरला तेव्हा मावशींनी हातातल्या बांगड्या उतरवल्या आणि पदराच्या टोकात गाठ मारून ठेवल्या. म्हणाल्या, "ह्या लई वाजत्यात. कुणीतर वळखंल." मला हसूच आलं. मी म्हटलं, मावशी, तुमचा आवाजच बदलून टाकणार आहे, तुमच्या पोटच्या पोराला ओळखू यायचा नाही. त्या हसल्या नाहीत.

मावशी मूळच्या वैरागकडच्या. नवरा गेल्यावर सोलापुरात शेंगाची चटणी विकून त्यांनी मुलाला मोठं केलं. शहराच्या एका टोकाला एक पोलीस चौकी आहे, तिच्या शेजारीच त्यांची पत्र्याची खोली. दारात जमिनीत पुरलेलं दगडी उखळ. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ घालून तेल सुटेपर्यंत त्या कांडत बसायच्या. एक खांदा कधीतरी निखळून नीट बसला नव्हता, त्यामुळे त्यांचा पहिला घाव जड पडायचा, दुसरा हलका, आणि मग कडेची चटणी उलथन्यानं आत ओढल्याची खरखर. चौकीतले सगळे त्यांचीच चटणी डब्याला न्यायचे. मशीनच्या चटणीला ही चव नाही म्हणायचे. निदान त्या एका बाबतीत तरी ते खरं बोलायचे.

वर्तमानपत्रातली नोकरी सुटल्यावर मी मोबाईलवर ऐकायची एक मालिका करत होते. विषय होता एमआयडीसीतला एक कामगार. तांब्याच्या तारेच्या चोरीचा संशय म्हणून त्याला एका दुपारी त्या चौकीत नेलं आणि संध्याकाळी दवाखान्यात टाकलं. दोन्ही पायांची हाडं मोडलेली. कागदावर लिहिलं होतं की पळून जाताना भिंतीवरून पडला, चौकीत आणला तोच मोडक्या पायांनी. कागद एकदम झकास होता, सह्या-शिक्क्यांसकट.

फक्त मावशींनी त्याला आत जाताना पाहिलं होतं. "सोताच्या पायानं गेला की त्यो. जाताना माज्याकडनं तांब्याभर पानी पिला. मग आतनं वरडाय लागला. मी मुसळ खाली ठिवलं, हात चालंना माजा." सगळं प्रकरण या पाण्याच्या तांब्यावर उभं होतं. चौकशी लागली तर साहेबांपुढे जबाब देईन, असं त्या म्हणाल्या. तोवर आपण कोण हे कुणाला कळता कामा नये, एवढीच त्यांची अट होती. मी शब्द दिला.

शब्द मी पाळला, असं मला वाटत होतं. नाव काढलं, गल्ली काढली, चटणीचा उल्लेख काढला. आवाज इतका जाड केला की कुणी म्हातारा बोलतोय असं वाटावं. पण आमच्या कामात एक रीत आहे. बोलणं संपलं की त्या जागेचा नुसता आवाज दोन-तीन मिनिटं वेगळा घ्यायचा आणि बोलण्याखाली अंथरायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला तिथं बसल्यासारखं वाटतं. मावशी बोलताना कांडायच्या थांबल्या होत्या. शेवटी मीच म्हटलं, "मावशी, आता जरा कांडा की, छान वाजतंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कांडलं. पहिला जड, दुसरा हलका, मग खरखर. घरी हेडफोन लावून मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं आणि स्वतःवर खूश झाले.

भाग गाजला. वरून चौकशीचा आदेश निघाला. मी पेढे वाटले, त्याची आज लाज वाटते.

जबाबाला तीन दिवस उरले असताना चौकीतला एक हवालदार डबा घेऊन मावशींच्या दारात आला. उकिडवा बसला आणि म्हणाला, "मावशी, तुमचं उखळ मोबाईलवर वाजतंय की! आमी समदे ऐकतो. कांडा, कांडा, लई ग्वाड वाजतंय." धमकी नाही, शिवी नाही. पावशेर चटणी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला आणि तेच म्हणाला. तिसऱ्या दिवशी मावशींच्या मुलाची रिक्षा दोन चौकांत अडवून कागद तपासले गेले. चौथ्या दिवशी मावशींनी जबाब दिला: मी चटणी कांडत होते, मला काही दिसलं नाही. चौकशी मिटली. तो कामगार आजही कुबड्यांवर आहे आणि कागदावर भिंतीवरूनच पडलेला आहे.

आणि मला बक्षीस मिळालं.

समारंभात माझ्या भागाचा तुकडा वाजवला, तो नेमका उखळाचा. पहिला जड, दुसरा हलका. परीक्षकांपैकी एक गृहस्थ म्हणाले, या आवाजातून अख्खी जागा डोळ्यांपुढे उभी राहते. राहते खरी. हवालदाराच्याही राहिली होती. हे मी माईकवर सांगायला हवं होतं. साऱ्या जिल्ह्याच्या पोलिसांना जाब विचारत फिरणारी मी, तिथं माझी दातखीळ बसली. शाल घेतली, फोटोला हसलेसुद्धा. तो फोटो मला बघवत नाही.

महिन्याभरानं मावशींकडे गेले. बक्षिसाचं त्यांना कळलं होतं. उखळावर पत्रा टाकून वर दगड ठेवलेला. चटणी आता मशीनवरनं कांडून आणतात, म्हणून गिऱ्हाईकही कमी झालंय. चौकीतले मात्र येतात. मी म्हटलं, मावशी, माझं चुकलं, मला माफ करा. त्या पिशव्यांत चटणी भरत होत्या. हातात बांगड्या नव्हत्या. त्या दिवसापासून परत घातल्याच नव्हत्या की काय, विचारायचा मला धीर झाला नाही.

त्यांनी पिशवीचं तोंड दोऱ्यानं बांधलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी तर बांगड्या काडल्या हुत्या की गं."