काटा काढलेला घास

दगडाबाईंनी चाळीस वर्षं डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकली. आता डोळ्यांना कमी दिसे, बर्फात हात घालून घालून बोटंही बधिर झाली होती. जीभ मात्र शाबूत होती. भिंग या काटेरी मासळीचा तुकडा त्या आधी स्वतःच्या तोंडात घोळवत. केसासारखा काटाही जिभेला सापडे. मग तो घास चार वर्षांच्या नातीला, निशाला भरवत. मुलगा साईनाथही असाच वाढला होता.

मग दगडाबाईंना पोटदुखी सुरू झाली. पोटात जंतू निघाले, दोन आठवडे औषधं झाली. “एकमेकांच्या तोंडातलं खाऊ नका, त्यातूनही पसरू शकतात,” डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून सून सोनल निशाचं ताट वेगळं वाढू लागली.

जंतू गेले की नाही, ते कल्याणला पिशवीत फुंकून करायच्या तपासणीत कळणार होतं. त्याआधी चौदा दिवस पित्ताची गोळी बंद. “गोळी घेतली की जंतू दबून बसतात, रिपोर्ट खोटाच चांगला येतो,” असं सोनलने नीट समजावलं होतं. रोज सकाळी ती कॅलेंडरवरचा एक दिवस पेन्सिलने खोडायची.

अकराव्या दिवशी छातीत अशी आग पडली, की दगडाबाईंनी देव्हाऱ्यामागे राहिलेली पट्टी काढली आणि एक गोळी गिळली. कोणाला बोलल्या नाहीत.

तपासणीला दोघी रिक्षाने निघाल्या. दगडाबाई उपाशी होत्या.

“रिपोर्ट चांगला आला ना आई, की भिंग आणते. निशाने डोकं खाल्लंय. आजीच्या हातचंच हवं म्हणते.”

“हातचं नाय गो, तोंडचं.”

सोनल हसली. दगडाबाई रस्त्याकडे बघत राहिल्या.

तपासणीवाल्या मुलीने फॉर्म भरायला घेतला. “मावशी, दोन आठवड्यांत पित्ताची गोळी घेतलीत?”

“नाही,” सोनलनेच सांगून टाकलं.

मुलीने पिशवी हातात दिली. “फुग्यासारखी फुंका.”

दगडाबाईंनी नळी ओठांना लावली. एक फुंकर, की निशा पुन्हा त्यांच्या ताटात जेवणार होती. त्यांनी नळी खाली घेतली.

“घेतलीय गो. चार दिस झालं.”

मुलीने पिशवी परत घेतली. “मग आज नाही होणार. अजून दहा दिवसांनी या.”

परतताना सोनल म्हणाली, “नसतं सांगितलंत तर मला कळलंही नसतं.”

“म्हनून तर बोलले.”

भिंग सोनलने तरीही आणली. दुपारी ती बोटांनी काटे काढत बसली. बोटांना सवय नव्हती. निशा वाट बघून कंटाळली.

“आई, बघा हो, राहिलाय का एखादा?”

दगडाबाईंनी डोळे बारीक करून ताटात वाकून पाहिलं. त्यांना नुसतं पांढरं दिसत होतं.

निशाने घास घेतला. ती चावत होती तोवर दगडाबाईंची जीभ बंद तोंडातच काटा शोधत राहिली.